ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाडी जॅकवर घेऊन ब्रेक तपासले. पण कॅमेऱ्यासमोर सगळं सांगता येत नाही, त्यात माझे हात ग्रीसने भरलेले. म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. छोटं गॅरेज चालवणाऱ्यांसाठी हे आहेच, पण ज्यांच्या दोन-तीन गाड्या धंद्यावर धावतात त्यांनीही वाचा. मेकॅनिकला काय सांगायचं आणि काय विचारायचं हे तुम्हाला कळलं, तर तुमचेच पैसे वाचतील.

आधी माझाच किस्सा. माझी जुनी हॅचबॅक ब्रेक मारला की उजवीकडे जायला लागली. नेहमीच्या गॅरेजला नेली, त्यांनी अलाइनमेंट करून दिलं. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग पुढचे पॅड बदलले. दोन दिवस बरं वाटलं. त्यानंतर पावसात आंबा घाट उतरत होतो. वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी सरळ समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला सरकली. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे उजवीकडे ओढणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाणं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरलं म्हणून वाचलो. तिथून रत्नागिरीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये गेलो.

रत्नागिरीतल्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी मला विचारलं, "साहेब, ब्रेक मारल्यावरच ओढते, की नुसती चालवतानाही?" दुसरा प्रश्न, "पाय काढल्यावर लगेच सरळ होते का?" आणि तिसरा, "जुने पॅड कुठायत?" जुने पॅड अर्थातच पहिल्या गॅरेजच्या कचऱ्यात गेले होते. आणि खरं उत्तर त्या कचऱ्यातच होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गाडी ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचा ब्रेक जास्त लागतोय. याचा अर्थ बहुतेक वेळा बिघाड दुसऱ्या बाजूला आहे. उजवीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक कमी लागतोय. नवीन पोरं नेमकी इथे चुकतात. उजवीकडे ओढते म्हणून उजवं चाक खोलतात, तिथे सगळं ठीक दिसतं, मग पॅड बदलून गाडी देऊन टाकतात. खोलायची तर दोन्ही बाजू खोला, आणि शेजारी ठेवून तुलना करा.

आता ते तीन प्रश्न.

नुसती चालवतानाही ओढत असेल, तर ब्रेकला हात लावू नका. आधी टायरमधली हवा बघा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी जाते, आणि ब्रेक मारला की जास्तच जाते. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला घासलेला, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे, तरी हेच होतं. अलाइनमेंटचा नंबर यानंतर. आणि हो, आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. हात सैल सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे जात असेल, तर तो रस्त्याचा उतार असू शकतो. ट्रायल सपाट, रिकाम्या रस्त्यावर मारा. आमच्याकडे रविवारी एमआयडीसीचा रस्ता मोकळा असतो, मी तिथे जातो.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढते आणि पाय काढला की सरळ होते, तर एका बाजूचा ब्रेक कमजोर आहे. आणि ब्रेक सोडल्यावरही ओढत राहते, तर एका बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. बिघाड दोन वेगळे, म्हणून तपासणीही वेगळी.

यासाठी मी दोन वेळा ट्रायल मारायला सांगतो. पहिल्यांदा चार-पाच किलोमीटर, ब्रेक शक्य तितका कमी वापरून. थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांचं तापमान मोजा. एक चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. दुसऱ्यांदा सात-आठ वेळा चांगला ब्रेक मारा आणि पुन्हा मोजा. आता जे चाक थंड, तिथला ब्रेक काम करत नाही. लांबून तापमान मोजायची बंदूक हजार-दीड हजारात मिळते, घेऊन टाका. चकचकीत डिस्कवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी, कॅलिपरवर धरा. आकडा महत्त्वाचा नाही, दोन बाजूंमधला फरक बघायचा. हात लावून बघू नका. आमच्या ओळखीच्या एका पोराच्या बोटांचे फोड महिनाभर भरले नव्हते.

चाक धरून बसलंय असं कळलं की गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. चाक हाताने फिरवा. घट्ट असेल तर त्या कॅलिपरचा ब्लीडिंग निप्पल जरा सैल करा. थोडं ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, म्हणजे आत प्रेशर अडकलेलं होतं. चाक तसंच घट्ट राहिलं, तर पिस्टन किंवा पिन जॅम आहे. प्रेशर अडकलं असेल तर पुढच्या वेळी निप्पलऐवजी होज पाइप आणि लोखंडी पाइप जिथे जुळतात तो जॉइंट सैल करून बघा. तिथे मोकळं झालं तर दोष वर आहे, मास्टर सिलेंडर किंवा एबीएसच्या बाजूला. तिथे मोकळं झालं नाही पण निप्पलला होतं, तर होज पाइप आतून बंद झालाय.

हा होज पाइप भल्याभल्यांना फसवतो. बाहेरून नवाकोरा दिसतो, आतलं रबर मात्र सुटून वाल्वसारखं काम करतं. पायाच्या जोराने ऑइल कसंबसं आत जातं, पण परत यायला ताकद नसते. गिऱ्हाईक म्हणतं, "कधी इकडे ओढते, कधी तिकडे." आपल्याला वाटतं, याला सांगता येत नाही. पण तो बरोबर सांगत असतो! डावा होज असा झाला, तर ब्रेक दाबल्यावर डावी बाजू उशिरा लागते म्हणून गाडी आधी उजवीकडे जाते, आणि पाय काढल्यावर डावी बाजू धरून राहते म्हणून डावीकडे. असं वर्णन ऐकलं की पहिला संशय होजवर घ्या. आणि बदलताना दोन्ही बाजूंचे बदला, वय दोघांचं सारखंच असतं.

आता माझ्या गाडीचं काय झालं होतं ते. बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन गंजून जॅम झाली की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटाच काम करतो आणि लवकर झिजतो, बाहेरचा जवळपास नव्यासारखा राहतो. माझ्या डाव्या चाकाची हीच गत होती. पहिल्या मेकॅनिकने जुने पॅड काढले तेव्हा एक पातळ आणि एक जाड, असे दोन्ही त्याच्या हातात आले असणार. बघितले नाहीत. पिस्टन मागे ढकलला, नवे घातले, जुने फेकले. पिन बाहेर काढून पुसायला अर्धा तास लागला असता.

म्हणून सवय लावा, काढलेले पॅड फेकायचे नाहीत. डावे-उजवे, आतले-बाहेरचे, खडूने खूण करून ओळीत मांडा. त्यांच्यावर तेल किंवा ग्रीस दिसलं, तर ते आलं कुठून ते शोधा, नाहीतर नवे पॅडही तसेच होतील. तेल लागलेला पॅड घासून पुन्हा वापरू नका.

पिनांना साधं ग्रीस तर अजिबात नको. पेट्रोलियमवालं ग्रीस रबराच्या बुटांना फुगवतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जॅम. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. रबराचे भाग पेट्रोल-डिझेलने धुवायचे नाहीत. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ती छातीत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. आतून गंज धरतो तो याच ओलाव्याने. साधारण दोन वर्षांनी बदला, कोकणात तर विसरूच नका.

ब्रेक दोन्ही बाजूंना बरोबर असूनही ओढत असेल, तर लोअर आर्मचे बुश बघा. ब्रेक मारताना 'टक्' आवाज येत असेल तर आधीच बघा. एकाला गाडीत बसवून जागेवरच थोडं पुढे-मागे करत ब्रेक मारायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून बुशवर बॅटरी मारा. गाडीच्या समोर किंवा खाली थांबायचं नाही. फाटका बुश आर्मला मागे जाऊ देतो, चाकाची दिशाच बदलते. "डिस्क वाकली असेल" हे मात्र उगाच सांगू नका. डिस्क खराब झाली की पेडल थरथरतं, गाडी सहसा ओढत नाही. आणि पेडल खोल जातंय आणि ओढतेही आहे, असं असेल तर ट्रायलसुद्धा नको. ऑइल लीक असेल, गाडी टो करून आणा.

आता हिशोबाचं बोलू. पहिल्या गॅरेजने माझ्याकडून अलाइनमेंट आणि पॅडचे पैसे घेतले, आणि मी परत गेलो नाही. रत्नागिरीच्या मिस्त्रींनी आधीच सांगितलं, "तपासायचे तीनशे. दोष सापडला की आकडा सांगतो, मग ठरवा." पिन, रबर किट, ग्रीस, मजुरी धरूनही बिल नव्या पॅडच्या सेटपेक्षा कमी झालं. आपल्याकडे तपासणीचे पैसे मागायला लाज वाटते, मग ते पैसे पार्टमधून काढावे लागतात, आणि नको ते पार्ट बदलले जातात. जॉब कार्डवर तपासणीची वेगळी ओळ छापून घ्या. खाली तीन प्रश्नांची उत्तरं, दोन्ही ट्रायलचं तापमान आणि पॅडची जाडी लिहा. गिऱ्हाइकाला पॅड हातात देऊन दाखवा. जाड-पातळ त्याला न सांगता कळतं.

गाडी देण्याआधी शेवटची ट्रायल स्वतः मारा. नवे पॅड घातले असतील तर पन्नासच्या स्पीडवरून दहापर्यंत, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं थंड होऊ देत. पॅड बसेपर्यंत थोडंफार ओढू शकतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतरही ओढत असेल, तर गाडी परत बोलवा आणि बिल न लावता बघा.

पुढच्या व्हिडिओत हेच जॉब कार्ड भरून दाखवतो.