कर्नेल नेमकं कोणत्या चिपसाठी?

रास्पबेरी पाय ५ हा तळहातावर मावणारा संगणक ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला. आधीच्या पाय ४ पेक्षा तो बराच वेगवान होता. तरीही पाय ४ वर बिनतक्रार चालणारे काही प्रोग्राम नव्या यंत्रावर सुरूच होईनात. प्रोग्राम तेच होते आणि प्रोसेसरमध्येही दोष नव्हता. लिनक्सचं कर्नेल तयार करताना एका प्रश्नाचं उत्तर मात्र बदललं होतं: मेमरीचं एक पान किती मोठं धरायचं? पाय ४ साठी ते ४ किलोबाइट होतं, पाय ५ साठी १६ किलोबाइट ठरवण्यात आलं. ज्यांचं काम अडलं त्यांनी 'कॉन्फिग.टीएक्सटी' या फाइलमध्ये एक ओळ लिहून जुन्या मापाचं कर्नेल सुरू केलं, आणि तेच प्रोग्राम पुन्हा चालू लागले.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कुणाला द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्क, कीबोर्ड, वायफाय यांच्याशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. लिनक्सच्या कर्नेलचा मूळ मजकूर कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. पण तो मजकूर थेट यंत्रावर चालत नाही. आधी तो कंपाइल करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो आणि त्याआधी हजारो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्यातले बरेचसे ड्रायव्हरचे, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या कोडचे असतात आणि त्यात चूक झाली तर बहुधा एखादं उपकरण तेवढं चालत नाही. प्रोसेसरविषयीचे प्रश्न मोजके असतात, पण ते चुकले तर यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते.

गंमत अशी, की सुरुवातीला हे प्रश्न नव्हतेच. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिलं ते स्वतःच्या इंटेल ३८६ संगणकासाठी, त्याच चिपच्या खास सोयी गृहीत धरून. १९९२ च्या सुरुवातीला अँड्र्यू टॅनेनबॉम या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ज्या मुद्द्यांवरून लिनक्सवर टीका केली, त्यात हाही एक होता: एका चिपला जखडलेली ऑपरेटिंग सिस्टीम आजच्या काळात लिहायचीच कशाला? ती टीका रास्त होती आणि उत्तर कामातूनच मिळालं. डिजिटल कंपनीच्या जॉन हॉल यांनी टोरवाल्ड्सना अल्फा प्रोसेसरचं यंत्र मिळवून दिलं. मार्च १९९५ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीत इंटेलच्या जोडीला अल्फा, स्पार्क आणि मिप्स यांनाही जागा मिळाली.

तेव्हापासून कर्नेलच्या मजकुरात 'आर्च' नावाचं एक दालन आहे. त्यात प्रत्येक प्रोसेसर घराण्याचं स्वतंत्र फोल्डर असतं. एक्स८६ मध्ये आपले नेहमीचे लॅपटॉप आणि डेस्कटॉप येतात. आर्म६४ मध्ये मोबाइल आणि रास्पबेरी पाय, एस३९० मध्ये आयबीएमचे मेनफ्रेम, रिस्क-व्हीमध्ये नव्याने उभं राहत असलेलं खुलं घराणं. फाइल व्यवस्था, नेटवर्क, ड्रायव्हर हा बाकीचा प्रचंड पसारा बहुतांशी सामायिक आहे. कर्नेल तयार करणारा पहिली निवड करतो ती याच दालनातली. 'आर्च' हे चल 'आर्म६४' असं लिहिलं, की पुढचे प्रश्नही त्या घराण्याचेच समोर येतात.

इथे नवख्या माणसाला एक गोष्ट समजायला थोडा वेळ लागतो. ज्या यंत्रावर कर्नेल तयार होतं आणि ज्यावर ते चालणार असतं, ती दोन्ही एकच असावीत असं नाही. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांवर कर्नेल कंपाइल करायचं तर तासन्‌तास जातात. म्हणून इंटेलच्या डेस्कटॉपवर आर्मसाठीचा कंपायलर बसवायचा, 'क्रॉस_कंपाइल' या चलात त्याचं नाव द्यायचं आणि काही मिनिटांत काम उरकायचं, हा रुळलेला मार्ग आहे. ते नाव द्यायचं विसरलं तर इंटेलचा कंपायलर आर्मचा मजकूर कंपाइल करायला निघतो आणि त्रुटींचा पाऊस पडतो. त्यातून फारसं नुकसान होत नाही, पण पहिल्या प्रयत्नात धीर सोडणाऱ्यांपैकी अनेक जण इथेच थांबतात.

प्रश्नांची व्यवस्था लावणाऱ्या प्रणालीचं नाव केकॉन्फिग. २००२ मध्ये रोमन झिप्पेल यांनी केलेली ही रचना लिनक्समध्ये आली आणि आजतागायत तीच वापरात आहे. 'मेक मेनूकॉन्फिग' असा आदेश दिला की पडद्यावर मेनू उघडतो. प्रत्येक पर्यायासमोर साधारण तीन उत्तरं शक्य असतात: कर्नेलमध्येच घ्या, गरजेनुसार जोडता येणारं मॉड्यूल म्हणून वेगळं ठेवा, किंवा वगळा. हे पर्याय एकमेकांवर अवलंबून असतात. एखादा हवा तर दुसरा आधी लागतो, तर एखादा निवडला की आणखी चार आपोआप चालू होतात. शेवटी सगळी उत्तरं '.कॉन्फिग' नावाच्या एका साध्या मजकूर फाइलीत जमा होतात.

कोऱ्या पाटीपासून कुणी सुरुवात करत नाही. प्रत्येक घराण्यासाठी, काही वेळा प्रत्येक बोर्डसाठी, जाणकारांनी तयार केलेली 'डेफकॉन्फिग' फाइल असते. रास्पबेरी पाय ४ साठी 'बीसीएम२७११_डेफकॉन्फिग', पाय ५ साठी 'बीसीएम२७१२_डेफकॉन्फिग'. हे आकडे ब्रॉडकॉमच्या चिपचे आहेत. पहिलीत कॉर्टेक्स-ए७२ चे चार कोअर आहेत, दुसरीत कॉर्टेक्स-ए७६ चे चार. डेस्कटॉपवाल्यांसाठी स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेला 'लोकलमॉडकॉन्फिग' हा आदेश फार उपयोगी आहे. चालू यंत्रात या क्षणी कोणती मॉड्यूल वापरात आहेत ते पाहून तो बाकीची वगळतो. फक्त हा आदेश देताना पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम जोडलेले हवेत, नाहीतर त्यांचेही ड्रायव्हर वगळले जातात.

प्रोसेसरविषयीचे पर्याय दोन जातींचे असतात आणि हा भेद कळला की अर्धी भीती जाते. पहिल्या जातीचा पर्याय कर्नेलला सांगतो: चिपमध्ये ही सोय दिसली तर वापर. दुसऱ्या जातीचा सांगतो: ही सोय आहेच असं धरून चाल. पहिला पर्याय जास्तीचा चालू राहिला तर थोडी जागा वाया जाते. दुसरा चुकला तर कर्नेल चालू होतानाच अडकतं.

रिस्क-व्हीमध्ये दोन्ही जाती शेजारीशेजारी दिसतात. मोठ्या आकडेमोडीसाठी असलेल्या व्हेक्टर सूचनांचा पर्याय चालू ठेवला आणि चिपमध्ये त्या नसल्या, तरी कर्नेल सुरू होताना ते ओळखतं आणि पुढे जातं. 'सी' या पर्यायाचं तसं नाही. तो निवडला की कंपायलर खुद्द कर्नेलच्याच सूचना आखूड रूपात लिहितो. ते रूप न समजणाऱ्या चिपला असं कर्नेल वाचताच येत नाही.

जुन्या लॅपटॉपवाल्यांनी दुसऱ्या जातीच्या पर्यायाचा अनुभव आधीच घेतला आहे. ३२ बिटांच्या बऱ्याच इंटेल यंत्रांवर पीएई नावाची सोय असते. तिच्यामुळे ४ गिगाबाइटपेक्षा जास्त मेमरी वापरता येते, शिवाय डेटाच्या जागी घुसवलेला घातक कोड चालू न देणारं संरक्षणही तिच्यावरच अवलंबून आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात उबुंटूने १२.१० या आवृत्तीपासून पीएई नसलेलं कर्नेल देणं थांबवलं. निर्णयाला सबळ कारण होतं. पण काही पेंटियम एम चिपमध्ये पीएई असूनही, विचारल्यावर चिप 'नाही' असं सांगायची. चांगले चालणारे लॅपटॉप त्यामुळे बाहेर पडले. पुढे २०१४ मध्ये 'फोर्सपीएई' हा शब्द कर्नेल सुरू करणाऱ्या आदेशाच्या ओळीत लिहून त्यांना आत घेण्याची सोय झाली.

अनेकांना वाटतं, की आपल्या चिपसाठी खास कर्नेल केलं म्हणजे संगणक लक्षणीय वेगवान होईल. तशी अपेक्षा ठेवू नये. एक्स८६ चं सर्वसाधारण कर्नेलही सुरू होताना चिप तपासतं आणि स्वतःच्याच सूचना जागच्या जागी बदलून घेतं. या चिपवर डेटाची नक्कल करण्याची जलद पद्धत आहे का, विशिष्ट दोषावरचा उपाय लागतो का, हे पाहून त्या त्या ठिकाणचा कोड बदलला जातो. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ६.१६ आवृत्तीत 'याच यंत्राच्या चिपसाठी कंपाइल करा' असा पर्याय अधिकृतपणे आला, पण त्याचा फायदा बहुतेकांना जाणवणारही नाही. प्रोसेसरच्या नव्या पिढ्यांमधल्या बऱ्याच नव्या सूचना अपूर्णांकी आणि व्हेक्टर आकडेमोडीच्या असतात आणि कर्नेल ती आकडेमोड जवळजवळ करतच नाही. कमी मेमरीच्या छोट्या बोर्डवर नको ते वगळल्याने होणारी बचत मात्र खरी असते.

पानाच्या मापाचा प्रश्न यापेक्षा वजनदार आहे. कर्नेल मेमरीचे सारखे तुकडे पाडतं आणि कोणता तुकडा कुणाकडे आहे याची नोंद ठेवतं. जमिनीचे तुकडे जितके लहान, तितके सातबारे जास्त, मेमरीतही तसंच. मोठं पान घेतलं की नोंदी कमी होतात आणि प्रोसेसरचा शोधण्याचा वेळ वाचतो. उलट एक किलोबाइटची फाइल मेमरीत आणली तरी अख्खं पान अडतं. आर्म६४ मध्ये ४, १६ आणि ६४ किलोबाइट असे तीन पर्याय आहेत. रेड हॅटने आर्म सर्व्हरसाठी आवृत्ती ८ पर्यंत ६४ किलोबाइटचं पान घेतलं आणि २०२२ मधल्या आवृत्ती ९ मध्ये पुन्हा ४ किलोबाइटवर आणलं. सर्वांसाठी बरोबर असं एक माप नाही, हे त्यातून दिसतं.

हा प्रश्न आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सचंच कर्नेल असतं. अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पानाची सोय झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर येणारी, अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीसाठी केलेली नवी अ‍ॅप आणि आधीच्यांच्या नव्या आवृत्त्या या मापावर चालल्या पाहिजेत, असा नियमही झाला. पाय ५ वर ज्या गृहीतकांमुळे प्रोग्राम अडले, तीच अ‍ॅपमध्ये राहू नयेत यासाठीच हे आहे. त्या प्रोग्रामांनी पान ४ किलोबाइटचंच असणार असं धरून स्वतःचे भाग आखले होते.

आर्मच्या जगात पूर्वी याहून मोठा गोंधळ होता. प्रत्येक बोर्डसाठी कर्नेलमध्ये स्वतंत्र फाइल असायची. कोणती चिप कुठे जोडली आहे ते त्यात कोड म्हणून लिहिलेलं असायचं आणि एका बोर्डसाठी केलेलं कर्नेल दुसऱ्यावर चालत नसे. २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. उपाय पॉवरपीसी या प्रोसेसर घराण्यात आधीपासून होता: यंत्राचं वर्णन कोडमधून बाहेर काढायचं, 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहायचं आणि सुरू होताना कर्नेलच्या हाती द्यायचं. डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ आवृत्तीपासून ३२ बिटांच्या आर्ममध्ये अनेक कंपन्यांच्या चिपवर चालणारं एकच कर्नेल करता येऊ लागलं. त्याच आवृत्तीत आर्म६४ चं फोल्डरही आलं. लिनक्सच्या इतिहासात हे काम फार मोलाचं आहे. सामान्य वापरणाऱ्याला त्याचं नावही माहीत नाही, पण आजच्या स्वस्त बोर्डांवर नवं कर्नेल सहज बसतं ते त्याच्यामुळे.

काही पर्यायांना मात्र वेगाच्या मोहापायी हात लावू नये. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला. इंटेलच्या बहुतेक चिपवर साध्या प्रोग्रामला कर्नेलची गुप्त मेमरी वाचता येत होती. त्यावर उपाय म्हणून कर्नेलचे आणि प्रोग्रामचे पानांचे तक्ते वेगळे करणारा पर्याय आला. त्याने वेग थोडा घटतो हे खरं आहे. एएमडीच्या चिपना या दोषाची बाधा नाही आणि कर्नेल ते ओळखून हा उपाय तिथे स्वतःच बंद ठेवतं. म्हणजे चालू ठेवल्याने दोष नसलेल्या चिपचा तोटा होत नाही. बंद केला, तर मात्र ते कर्नेल दोष असलेल्या चिपवर उघडं पडतं.

'आर्च'च्या दालनात नवी घराणी येतात तसे जुने प्रोसेसर जातातही. ज्या ३८६ साठी लिनक्स जन्माला आलं, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत काढण्यात आला. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीने एका फटक्यात आठ घराणी वगळली. इंटेलने मोठ्या अपेक्षेने आणलेलं इटॅनियम ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ ला गेलं. ज्या घराण्याची काळजी घेणारं कुणी उरत नाही, ते जातं.

रिस्क-व्ही ४.१५ आवृत्तीत, जानेवारी २०१८ मध्ये आत आलं. त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रकल्पातल्या रिस्क-व्ही चिपवर लिनक्स सुरू झालं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'वेगा' ही रिस्क-व्ही प्रोसेसरांची मालिका विकसित केली. तिचं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्रात झालं. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'अजित' या प्रोसेसरने स्पार्क ही रचना निवडली. तिचं फोल्डर लिनक्समध्ये १९९५ पासून आहे. चिप घडवणं ही मोठी गोष्ट आहेच. पण ती चिप आणि तिच्याभोवतीची उपकरणं कर्नेलला नीट ओळखता यावीत, तिचे पर्याय बिनचूक लिहिलेले असावेत आणि दर नव्या आवृत्तीत ते चालत राहावेत, यासाठी माणसं लागतात, तीही वर्षानुवर्षं.

अशी माणसं महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघू शकतात. त्यासाठी लागणारं साहित्य स्वस्त आहे: एक रास्पबेरी पाय, एक मेमरी कार्ड आणि प्रयोगशाळेतला कोणताही डेस्कटॉप. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय फळ्यावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सत्रात एकदा तरी विद्यार्थ्यांकडून कर्नेल तयार करून घ्यावं. 'बीसीएम२७११_डेफकॉन्फिग'पासून सुरुवात करावी, एका वेळी एकच पर्याय बदलावा आणि बदलण्याआधी त्यासोबत दिलेला मदतीचा मजकूर वाचावा. नव्या कर्नेलला वेगळं नाव द्यावं आणि जुनं कार्डावरून कधीही पुसू नये. नवं सुरू झालं नाही, तर 'कॉन्फिग.टीएक्सटी'मध्ये जुन्याचं नाव लिहिलं की काम भागतं.