अल्पप्राणवायू भूजलातील सूक्ष्मकणांचे नमुने

सांगवी हे पवना व मुळा या नद्यांच्या दरम्यान वसलेले असून दापोडीजवळ या नद्यांचा संगम होतो. येथील भूजल दख्खनच्या काळ्या पाषाणातील भेगांतून व वरच्या मुरमातून वाहते. अशा भूजलात सांडपाणी झिरपले, तर जीवाणू त्यातील विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. पुढे त्रिसंयुजी लोहाचे क्षपण होऊन द्विसंयुजी लोह पाण्यात उतरते. अशा पाण्याचा नमुना घेणे ही वरवर दिसते तितकी सोपी क्रिया नव्हे.

सुमारे १ नॅनोमीटर ते १ मायक्रॉन आकाराच्या कणांस कलिलकण म्हणतात. वस्तुमानाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ फार मोठे असल्याने शिसे, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये त्यांना चिकटून दूरवर जाऊ शकतात. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून उतरलेले सर्व ‘विद्राव्य’ मानण्याची रूढी आहे. परंतु लहान कलिलकण तिच्यातूनही निसटतात.

नमुना दोन प्रकारे बिघडतो. पंप वेगाने चालविल्यास भेगांत स्थिरावलेला गाळ ढवळून निघतो व एरवी न वाहणारे कण नमुन्यात येतात. दुसरा दोष हवेचा. बाहेर येताच पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निसटून सामू वाढतो. स्टुम व ली यांनी १९६१ साली दाखविल्याप्रमाणे सामू एका एककाने वाढला, की द्विसंयुजी लोहाच्या ऑक्सिडीभवनाचा वेग सुमारे शंभरपट होतो. परिणामी लोहाचा तांबूस साका बाटलीतच तयार होतो आणि विरघळलेले धातू आपल्याबरोबर ओढून घेतो.

यास्तव पंप पाणी देणाऱ्या भेगेच्या पातळीवर ठेवून मिनिटास १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या मंद गतीने उपसा करतात. प्राणवायू, सामू, विद्युत्‌वाहकता व गढूळपणा स्थिर झाल्यावरच नमुना बंद नळीतून, नत्रवायूच्या आवरणाखाली घेतात. कणांच्या नमुन्यात आम्ल घालीत नाहीत, कारण त्याने कणच विरघळतात.

या दक्षतेचे फळ १९८७ साली दिसले. अमेरिकेतील केप कॉड येथे सांडपाणी मुरलेल्या प्राणवायूरहित भूजलात ग्श्वेंड व रेनल्ड्स यांना सुमारे १०० नॅनोमीटर आकाराचे फेरस फॉस्फेटचे कण आढळले. हवा लागली असती, तर त्यांचे मूळ रूप उरले नसते.

औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. बाटलीत बनलेला साका गाळून टाकला, तर दूषित विहीर निर्दोष ठरते. ढवळलेला गाळ मोजला, तर निर्दोष विहीर दूषित ठरते. पृथक्करण कितीही अचूक असले, तरी नमुन्यातील चूक त्याने दुरुस्त होत नाही.