शेजारी कोण?

देवावर पूर्ण मनाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी, या दोन आज्ञांत प्रभू येशूने सारे धर्मशास्त्र सामावले. आपल्या घरांत ‘शेजारी’ म्हणतात, ‘नेरेयवरू’ही म्हणतात. पण हा शेजारी नेमका कोण?

कर्नाटकात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना याचे उत्तर इंग्लंडमधील मुक्कामात मिळाले. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा बायांनाही कोणी जवळ करते, याचे त्यांना नवल वाटले. आधी सेवा दिसली, मग तिच्यामागचा ख्रिस्त उमगला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे १८९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-विधवांना आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. त्याच हातांनी त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले. ईशसेवा आणि लोकसेवा त्यांच्यालेखी वेगळ्या नव्हत्या.

रविवारची उपासना आपण चुकवत नाही. पण पलीकडच्या घरात एकटी राहणारी आजी कोणती भाषा बोलते हे न पाहता, तिचे दार आपण कधी ठोठावतो का?