पाच बटणांचं मुरुड

लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की मुरुड येतं. कोकणातलं मुरुड जंजिऱ्याजवळचं. त्याचा इथे संबंध नाही. या गावाचं नाव टाइप करायला बटणं किती लागतात? रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेला टायपिस्ट म्हणेल, चार. म, उकार, ड आणि मधे 'रु'चं स्वतंत्र बटण. कारण र ला उकार पायाशी लागत नाही, कुशीत लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकवाला पाच म्हणेल: म, उकार, र, पुन्हा उकार, ड. तो उकार कुठे काढायचा ते मशीन बघून घेईल. या एका बटणाच्या फरकात 'जिस्ट' या आपल्या लिप्या संगणकावर आणणाऱ्या तंत्राचा सगळा विचार आला.

बर्कलीत शिकणाऱ्या बिल जॉयने १९७६ साली 'व्हीआय'च्या कामाला हात घातला, १९७८ मध्ये 'वर्डस्टार' बाजारात आला. या एडिटरांना एक अडचण कधी आलीच नाही. इंग्रजी अक्षर ज्या क्रमाने टाइप होतं त्याच क्रमाने ओळीत बसतं, प्रत्येक आपापल्या चौकटीत. आपल्याकडे 'कि'तली वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. 'वर्ग'मधला र उडून ग च्या डोक्यावर बसतो.

आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्यासारख्या मंडळींनी यावर उत्तर काढलं: साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने, आणि पडद्यावर काढायचं काम वेगळं ठेवायचं. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झाल्यावर 'जिस्ट'चं हे काम तिकडे आलं. सीडॅकचं नाव झालं ते 'परम' महासंगणकामुळे. माझ्या मते कचेऱ्यांच्या रोजच्या कामाला जिस्टचा हात अधिक लागला.

जिस्ट हे आधी एक कार्ड होतं, संगणकाच्या खाचेत बसवायचं. डीबेस किंवा लोटससारख्या इंग्रजी प्रोग्रामला पत्ताही नसे. तो आपले आकडे पडद्याकडे पाठवी आणि कार्ड मधल्यामध्ये त्यांची देवनागरी करी. आकड्यांचा कोश म्हणजे 'इस्की'. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्यात मुरुड म्हणजे २०४, २२१, २०७, २२१, १९१. उकाराचा २२१ दोनदा आला, आकार वेगळे असूनही. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना आकडे तेच, त्यामुळे लिपी बदलली की हीच फाइल कन्नडमध्ये दिसे, नाहीतर तेलुगूत. निलंगा-उदगीरकडे कन्नड आणि देगलूरकडे तेलुगू कानावर असलेल्या आपल्या मुलखाला ही गंमत चटकन कळेल.

बाजार मात्र दुसरीकडे गेला. छापखान्यांना पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये देखणी अक्षरं हवी होती, तीही लवकर. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि खुद्द सीडॅकचं आयएसएम यांनी ती दिली. पण या फॉन्टांत साठवला जाई तो अक्षराचा तुकडा, उच्चार नव्हे; म्हणजे विचार पुन्हा टाइपरायटरचा. ज्या संस्थेने उच्चार साठवायला शिकवलं तिच्याच दुकानात तुकडेही विकले जात होते! डीटीपीवाल्याला तरी दोष कसा द्यावा? रेमिंग्टनवर हात बसलेला माणूस त्याच्याकडे तयार होता आणि गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका उद्या हवी होती. किंमत नंतर मोजावी लागली. फॉन्ट नसेल तर फाइल म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यात नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही.

दरम्यान १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली आहे. आज मोबाइलवर कुठल्याही कळफलकाने मराठी लिहा, आत साठतो तो उच्चाराचाच क्रम. युनिकोडमध्ये ऱ लाही स्वतःची जागा आहे, म्हणून 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे राहतात. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना घोळ होतो तो बरेचदा इथेच. परिवर्तक 'वाऱ्या'चं 'वार्या' करून ठेवतो, आणि मग मुद्रितं तपासणाऱ्याला ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.