उसन्या बेटाची परतफेड

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे विद्यार्थी बहुधा परीक्षा तोंडावर आली की येतात, आणि त्यांचे प्रश्नही बहुधा गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतले असतात. गेल्या सत्रात एक विद्यार्थी मात्र निराळेच काम घेऊन आला. त्याच्या वहीत एका द्वीपसमूहाचा नकाशा काढलेला होता. संगणकावर हजारो लोक एकाच वेळी मिळून जे अद्भुतरम्य खेळ खेळतात, त्यांपैकी एका खेळाला जोडण्यासाठी हा नवा प्रदेश त्याने कल्पिला होता. अशा जोडप्रदेशाला त्या व्यवसायात ‘एक्स्पान्शन’ म्हणतात. नकाशात धुमसणारा ज्वालामुखी होता, नारळीची बने होती, दगडी मूर्ती होत्या, अंगभर गोंदलेले योद्धे होते आणि जोडनावाही होत्या. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियाच्या बेटांवरून हे सारे सुचले, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. त्याची अडचण एवढीच होती : ‘‘सर, या बेटांवर चलन कोणते ठेवू? शिंपले चालतील का?’’

शिंपले चालतील, असे सांगून त्याची बोळवण करता आली असती. परंतु हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील व्यवहारांचा अभ्यास करून एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये एक निबंध लिहिला. त्या खेळातील नाणी आणि वस्तू लोक प्रत्यक्ष डॉलर मोजून विकत घेत असत. त्या व्यवहारांवरून हिशेब मांडला, तर त्या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान बसते, असे त्याने दाखवून दिले. पुढे ग्रीसचे अर्थमंत्री झालेले यानिस व्हारूफाकिस यांनीही २०१२ मध्ये एका खेळ-कंपनीचे अर्थतज्ज्ञ म्हणून काम केले होते. तेव्हा हा विषय अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा नाही. शिवाय परदेशी खेळ तयार करण्याचे काम आज पुण्या-मुंबईतील स्टुडिओंतही चालते. वहीत आज नकाशा काढणारा मुलगा उद्या त्यांपैकी एखाद्या स्टुडिओत बसून लाखो लोकांसाठी बेट रचू शकतो.

खेळाला रूप येते ते चित्रांनी. परंतु खेळ चालतो तो नियमांवर. संपत्ती कशाने वाढते, कशाने घटते, कोणाला काय घेता येते आणि कोणाचे काय देणे लागते, हे नियमच ठरवितात. समाजाचेही तसेच आहे. पॉलिनेशियाच्या धर्तीवर बेट रचणारा बहुतेकदा तेथील चित्रे उचलतो आणि नियम मात्र तेथेच सोडून येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी चूक होते ती येथे.

निळ्या पट्टीची कथा

यातील मौज अशी की, या खेळांनी पॉलिनेशियाकडून उसनवारी केव्हाच केली आहे. अशा अनेक खेळांत पडद्यावर एक निळी पट्टी असते. मंत्र टाकला की ती घटते; थोडी विश्रांती घेतली की पुन्हा भरते. या मंत्रशक्तीला ‘माना’ म्हणतात. खेळणाऱ्या मुलांना हा शब्द कोणा संगणकतज्ज्ञाने बनविला असे वाटते. वस्तुतः तो माओरी, हवाईयन, सामोअन इत्यादी भाषांमधील जुना आणि आजही नित्य वापरातला शब्द आहे. रॉबर्ट कॉड्रिंग्टन या इंग्रज मिशनऱ्याच्या मेलानेशियाविषयीच्या १८९१ मधील ग्रंथामुळे तो युरोपातील मानववंशशास्त्रज्ञांच्या परिचयाचा झाला. पुढे लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाने १९६९ मधील एका कथेत, खाणीतल्या कोळशाप्रमाणे संपत जाणारे जादूचे इंधन या अर्थाने तो वापरला. तेथून इंधनाचा हा अर्थ खेळांमध्ये रूढ झाला.

मूळ अर्थ कितीतरी वेगळा आहे. माना म्हणजे प्रभाव, अधिकार, तेज. पूर्वजांकडून आलेली आणि स्वतःच्या आचरणाने राखावी लागणारी प्रतिष्ठा. आपल्या ‘मान’ या शब्दाशी त्याचे भाषिक नाते नाही, पण अर्थाची जवळीक विलक्षण आहे. माओरी समाजात पाहुण्याचे आतिथ्य उणे पडले, तर यजमान कुळाच्या मानाला उणेपणा येतो. उदार हाताने दिले, तर तो वाढतो. म्हणजे खेळातील माना वापरल्याने संपतो, आणि मूळचा माना दिल्याने वाढतो. शब्द उचलला गेला. त्याच्यामागचे अर्थशास्त्र मात्र नेमके उलटे झाले.

वहीतील त्या बेटावर शिंपल्यांऐवजी हाच नियम ठेवला तर काय होईल? मासळी साठवून ठेवणाऱ्या खेळाडूचे वजन वाढणार नाही. ती गावजेवणात वाढणाऱ्याचे वाढेल. तलवारी गोळा करणारा एकाकी वीर तेथे दरिद्री ठरेल. यशाची व्याख्याच बदलल्यामुळे खेळाडूला काही नवा विचार करावा लागेल. नव्या प्रदेशात जायचे ते यासाठीच ना?

समुद्र आणि मनाई

बहुतेक खेळांच्या नकाशात समुद्र म्हणजे रिकामी निळी जागा. बेट संपले की जग संपले. पॉलिनेशियनांना समुद्र हा रस्ता होता. त्यांचे पूर्वज सुमारे २,८०० वर्षांपूर्वी टोंगा-सामोआ भागात पोहोचले, आणि साधारण हजार वर्षांपूर्वीपासून पुढच्या काही शतकांत त्यांच्या वंशजांनी हवाई, रापा नुई आणि न्यूझीलंड ही दूरदूरची टोके गाठली. त्यांच्यापाशी धातू नव्हता, होकायंत्र नव्हते. तारे क्षितिजावर कोठे उगवतात, लाटांचा मूळ झोत कोणत्या दिशेने येतो, सायंकाळी पक्षी कोणीकडे परततात, कोणता ढग एकाच जागी थबकलेला आहे, यांवरून ते मार्ग काढीत. ही बेटे वाऱ्यावर भरकटलेल्यांनी योगायोगाने वसविली, असे मानणारे विद्वान विसाव्या शतकातही होते. त्यांना उत्तर मिळाले ते १९७६ मध्ये. त्या वर्षी ‘होकुलेआ’ ही जोडनाव हवाईहून ताहितीला, सुमारे ४,००० किलोमीटर, कोणत्याही उपकरणाविना गेली. हवाईत ही विद्या लोपली होती. म्हणून मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरून माऊ पियाइलुग या जाणकार नाविकाला बोलवावे लागले. त्याने नाव पोहोचविली आणि पुढे ही विद्या हवाईच्या तरुणांना शिकविली. पडद्याच्या कोपऱ्यात तयार नकाशा ठेवला की या साऱ्या विद्येची किंमत शून्य होते. तो नकाशा काढून घेतला आणि खेळाडूला लाटा व पक्षी वाचावयास लावले, तर जोडनाव केवळ शोभेची राहणार नाही.

तीच गोष्ट मासेमारीची. खेळातील तळ्यात पकडलेला मासा काही मिनिटांत पुन्हा उगवतो. एवढ्या उदार निसर्गात संयमाला अर्थच उरत नाही. छोट्या बेटावर मात्र सामाईक साधन ओरबाडले की उपासमार ठरलेली. म्हणून पॉलिनेशियात ‘राहुई’ची प्रथा आली : ठरावीक खाडी, प्रवाळाचा पट्टा किंवा रान काही काळापुरते बंद, तेथून कोणी काही घ्यावयाचे नाही. कुक बेटांपैकी रारोटोंगावर १९९८ मध्ये या प्रथेचे पुनरुज्जीवन करण्यात आले. सामाईक साधनांचा नाश टाळण्यास खाजगी मालकी किंवा सरकारी हुकूम हे दोनच मार्ग आहेत, असे आमची पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. लोक आपसांत नियम करून तिसराही मार्ग काढतात, हे साधार मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिनेशियातील मच्छिमारांना हे ठाऊक होण्यासाठी २००९ उजाडावे लागले नाही.

आणखी एक नियम तपासून पाहण्याजोगा आहे. खेळाडू नव्या बेटावर उतरतो तो परका म्हणून; काही दिवसांतच तो तेथे जमीन घेतो, घर बांधतो आणि बेटाचा तारणहार ठरतो. हवाईचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट निरागस वाटणार नाही. तेथे डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्यांतील जमीन लोक परंपरागत हक्काने कसत. १८४८ मध्ये ‘माहेले’ या व्यवस्थेने जमिनीला खाजगी मालकी लागू केली. सामान्य रयतेच्या वाट्याला एक टक्क्याहूनही कमी जमीन आली, आणि पुष्कळशी जमीन पुढे परक्यांच्या हाती गेली. १८९३ मध्ये तेथील राणीचे राज्यही गेले. तेव्हा आगंतुकाला भूखंड विकत मिळावा की नाही, हा प्रश्न बेट रचणाऱ्याने पहिल्याच दिवशी सोडवावयास हवा.

तिसऱ्या माणसाचा नफा

यावर कोणी म्हणेल की, कल्पनेच्या राज्यात एवढे हिशेब कशाला? साहित्य आणि कला उसनवारीवरच वाढत आल्या आहेत. संस्कृतीला कुंपण घालता येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. आपल्या रंगभूमीनेही शेक्सपिअरपासून पुष्कळ घेतले आणि त्यात काही पाप नव्हते. परंतु आजच्या बाजारात देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची स्थिती समान नाही. परंपरेतील शब्दाला एक लेखक नसतो. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो कोणाचाच नसतो. त्यावरून बनविलेल्या मालाला मात्र मालक असतो. कच्चा माल फुकट आणि पक्क्या मालावर हक्क राखून ठेवलेले! २०१८ मध्ये शिकागोतील एका उपाहारगृह कंपनीने ‘अलोहा पोके’ हे नाव वापरू नका, अशी पत्रे इतरांना धाडली. त्यांत हवाईयन लोकांची दुकानेही होती. आपल्या घरातला शब्द उच्चारायला परक्याची परवानगी, असा हा प्रकार. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करविले, तेव्हा आपल्याला जो संताप आला होता तो आठवावा. म्हणजे या बेटवासीयांची तक्रार समजणे अवघड जाणार नाही.

खेळण्यांच्या दुनियेतही हा वाद होऊन गेला आहे. लेगो या डॅनिश कंपनीने २००१ मध्ये ‘बायोनिकल’ नावाची मालिका आणली. तिची कथा ‘माता नुई’ या काल्पनिक बेटावर घडे. त्याच वर्षी त्या बेटावर आधारलेला एक इंटरनेटवरील खेळही निघाला. त्यातील बरीच नावे पॉलिनेशियन भाषांतून घेतलेली होती. बेटावरील साध्या रहिवाशांना ‘तोहुंगा’ म्हटले होते. माओरी समाजात हा शब्द परंपरागत ज्ञानाच्या जाणकारांसाठी आदराने वापरला जातो. माओरींनी वकिलामार्फत हरकत घेतली. कंपनीने चर्चा केली, ‘तोहुंगा’सारखे शब्द बदलले आणि पुढे अधिक काळजी घेण्याचे मान्य केले. खेळण्यांची विक्री काही त्यामुळे थांबली नाही. मालिका पुढे अनेक वर्षे चालली. अर्थात आधी विचारले असते, तर नंतर बदलावे लागले नसते.

न्यूझीलंडने २०१४ मध्ये एक कायदा करून ‘का माते’ या प्रसिद्ध हाका-नृत्यगीताचे श्रेय न्गाती तोआ जमातीला आणि त्याचा कर्ता ते राउपराहा याला देणे काही व्यावसायिक उपयोगांत बंधनकारक केले. त्यात मोबदल्याची तरतूद नाही. आहे ती फक्त नावाच्या उल्लेखाची. सुरुवात म्हणून हे ठीक आहे, परंतु श्रेय आणि मोबदला या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मोबदल्याविषयी नियम शोधायला फार दूर जावे लागत नाही. तो माओरींपाशीच आहे. तामाती रानापिरि या माओरी जाणकाराने एल्सडन बेस्ट या अभ्यासकाला ‘हाऊ’ची कल्पना समजावून सांगितली होती, आणि मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देणगीविषयीच्या आपल्या निबंधात ती जगापुढे मांडली. तिचा आशय असा : तुम्ही मला एक मौल्यवान वस्तू दिलीत, भाव न ठरविता. ती मी तिसऱ्या माणसाला दिली. काही काळाने त्याने मला त्याबद्दल काही दिले. ते जे मला मिळाले, तो तुमच्या वस्तूचा ‘हाऊ’ होय. ते मी ठेवून घेणे योग्य नाही, ते तुमच्याकडे परतलेच पाहिजे.

आता या तीन माणसांच्या जागी बेटवासी, खेळ-कंपनी आणि खेळाडू यांना ठेवून पाहा. बेटवासीयांकडून शब्द, नक्षी, नौका आणि कथा आल्या. कंपनीने त्या खेळाडूला दिल्या. खेळाडूने पैसे मोजले. त्या पैशांतला काही भाग मूळ ठिकाणी परतला पाहिजे, हे सांगायला नवा सिद्धान्त नको. ज्यांचे घेतले त्यांचाच नियम घेणाऱ्याला लावायचा, एवढेच. तो भाग मानधनाच्या रूपाने जावा, त्या समाजातील कथाकारांना आणि चित्रकारांना काम देऊन जावा, किंवा त्यांच्या भाषेच्या शाळांना जावा. तपशील ज्याचे त्याने त्यांच्याशी बोलून ठरवावेत. बोलणे मात्र नकाशा छापून झाल्यावर नको, काढण्यापूर्वी हवे.

हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो थोडा हिरमुसला. ‘‘सर, मी तर फक्त चलन विचारलं होतं,’’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. परंतु चलनाचा प्रश्न शेवटी देण्याघेण्याचाच असतो, आणि देणे कोणाचे लागते हे ठरल्यावाचून चलन ठरत नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. वहीतले शिंपले त्याने खोडले होते. त्या जागी काय लिहायचे, ते अजून ठरले नव्हते. न्यूझीलंडमधील कोणाला पत्र लिहिता येईल का, एवढे मात्र त्याने विचारले.