श्रमाच्या मोबदल्यात मुक्काम

ऐन हंगामात एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे पडली की गावातील मंडळी आपापले बैल आणि औते घेऊन त्याच्या शेतात उतरत. दिवसभर काम होई आणि संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या घरी सर्वांची पंगत बसे. मजुरीचा हिशेब कोणी करीत नसे. या प्रथेस ‘इर्जिक’ असे म्हणतात. दोन शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबण्याच्या रीतीला ‘सावड’ हे नाव आहे. पैशाचा व्यवहार न होता श्रम आणि अन्न यांची देवाणघेवाण ही कल्पना म्हणूनच मराठी माणसाला परकी नाही.

हीच कल्पना आज निराळ्या रूपात प्रचलित झाली आहे. प्रवासास निघालेली तरुण मंडळी एखाद्या शेतावर, आश्रमात किंवा खेड्यातील साधनाकेंद्रात काही आठवडे मुक्काम करतात, दिवसातील काही तास तेथील काम करतात आणि त्याबद्दल त्यांना राहण्याची जागा व जेवण मिळते. गोव्यातील कुळागरांत आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या बागायतींतही असे पाहुणे येतात. इर्जिकीत दोन्ही पक्ष एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असत. येथे यजमान आणि पाहुणा दोघेही एकमेकांस अनोळखी असतात. म्हणून या व्यवहाराचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आश्रमांची परंपरा

शरीरश्रम केल्यावाचून अन्न घेऊ नये, हा विचार महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतच आचरणात आणला. १९०४ साली रस्किनच्या ग्रंथाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला व त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्स येथे वसाहत उभी राहिली. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म स्थापन झाला. पुढे भारतातील आश्रमांच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाला स्थान मिळाले. साबरमती असो वा १९३६ पासूनचे सेवाग्राम असो, आश्रमात येणाऱ्याने झाडलोट, स्वयंपाक, सूतकताई यांत वाटा उचलावा अशी अपेक्षा असे. पवनार येथे विनोबांनी ऋषिशेतीचा, म्हणजे बैलांचीही मदत न घेता केवळ मानवी श्रमाने शेती करण्याचा, प्रयोग केला.

बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन स्थापिले. १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातच मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला. तेथे मे महिन्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तरुण येत राहिले. या सर्व ठिकाणी श्रम हे मुक्कामाचे भाडे नव्हते. श्रमातून माणूस घडावा, हा हेतू मुख्य होता.

सुट्टीच्या दोन दिवसांपासून जगभर

प्रवाशाने श्रम द्यावेत आणि शेतकऱ्याने अन्न-निवारा द्यावा, या व्यवहाराला संघटित रूप इंग्लंडमध्ये मिळाले. लंडनमध्ये सचिवाची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांना खेड्यात जाऊन राहण्याची ओढ होती, परंतु तेथे ओळख नव्हती. १९७१ च्या शरद ऋतूत त्यांनी ससेक्स परगण्यातील इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवारचा मुक्काम ठरविला. प्रयोग म्हणून चार माणसे गेली. शेतकऱ्याला मदत मिळाली व शहरवासीयांना मातीचा सहवास लाभला. ‘वर्किंग वीकएंड्स ऑन ऑरगॅनिक फार्म्स’ या नावाची आद्याक्षरे जुळवून या चळवळीस ‘वूफ’ म्हणू लागले.

पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. भारतातही तिची शाखा आहे. तिच्या नावाचा इतिहास बोधप्रद आहे. मध्यंतरी नावात ‘वर्कर्स’, म्हणजे कामगार, असा शब्द आला होता. त्यामुळे परदेशातून येणारे हे लोक नोकरी करावयास आले आहेत, असा समज सरहद्दीवरील अधिकाऱ्यांचा होई. अखेरीस तो शब्द वगळून ‘संधी’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. पाहुणा कोणता आणि कामगार कोणता, हा प्रश्न या व्यवहारात प्रारंभापासूनच आहे.

तामिळनाडूत ऑरोव्हिलच्या परिसरात २००३ साली सुरू झालेले ‘साधना फॉरेस्ट’ हे आपल्या देशातील उल्लेखनीय उदाहरण होय. सुमारे ७० एकर उजाड जमिनीवर तेथील मूळचे जंगल पुन्हा उभे करण्याचे काम देशोदेशींच्या स्वयंसेवकांच्या हातांनी झाले. पाणी अडविण्यासाठी बांध घालणे, खड्डे खणणे, रोपे लावणे ही कामे करून स्वयंसेवक तेथे सामुदायिक जीवन जगतात.

व्यवहार कोठे बिघडतो

साधारणपणे अशा मुक्कामात दिवसाला चार ते सहा तास काम अपेक्षित असते. उरलेला वेळ पाहुण्याचा असतो. यजमानाच्या बाजूनेही हिशेब पाहिला पाहिजे. नवख्या माणसाला सुपारी सोलणे किंवा मिरीच्या वेलास आधार देणे शिकविण्यात पहिले काही दिवस यजमानाचाच वेळ जातो. म्हणून दोन-तीन दिवसांचा पाहुणा त्याला परवडत नाही. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम दोघांनाही सोयीचा ठरतो.

बिघाड होतो तो मर्यादा न ठरविल्यामुळे. चार तासांचे आठ तास होतात. साप्ताहिक सुट्टी नाहीशी होते. शेती शिकण्यास आलेल्या तरुणाच्या वाट्याला दिवसभर भांडी आणि चादरी धुणे येते. परक्या मुलखात, खिशात पैसे नसताना, ‘नाही’ म्हणणे त्याला अवघड जाते. ऑस्ट्रेलियात याचा अनुभव आला. तेथे सुट्टी व काम अशा दुहेरी व्हिसावर गेलेल्या तरुणांना दुसऱ्या वर्षाची मुदत मिळविण्यासाठी ग्रामीण भागात ८८ दिवसांचे काम दाखवावे लागे, आणि बिनपगारी कामही त्यात धरले जाई. या गरजेचा गैरफायदा घेतला जातो, अशा तक्रारी आल्या. तेव्हा २०१५ च्या अखेरीस तेथील शासनाने बिनपगारी काम या हिशेबातून वगळले.

दुसरा प्रश्न स्थानिक मजुराचा आहे. स्वतःच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबाच्या जोडीला पाहुण्याने हात लावणे वेगळे आणि खोल्या भाड्याने देऊन नफा मिळविणाऱ्या केंद्राने स्वयंपाकी, माळी व सफाई कामगार यांच्या जागी बिनपगारी प्रवासी ठेवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात गावातील कोणाची तरी रोजी बुडते. जे काम एरव्ही मजुरी देऊन करवून घ्यावे लागले असते, ते ‘सेवा’ या नावाखाली फुकट करवून घेणे न्याय्य नव्हे.

कायद्याची बाजू

पाहुणा परदेशी असेल तर विशेष दक्षता आवश्यक आहे. पर्यटक व्हिसावर भारतात आलेल्या परदेशी नागरिकास अल्प मुदतीचे स्वयंसेवी काम करण्यास मुभा आहे. परंतु त्याची कमाल मर्यादा एक महिना असून त्या कामाबद्दल पैसा अथवा अन्य कोणत्याही स्वरूपाचा मोबदला घेता येत नाही. येथे ‘कोणत्याही स्वरूपाचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कामाच्या बदल्यात जेवण व खोली, असा करार झाल्यास तो मोबदला ठरण्याचा संभव आहे. यजमानाने असा पाहुणा ठेवण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात चौकशी करावी. परदेशी पाहुणा मुक्कामास आल्याची माहिती २४ तासांच्या आत कळविणे हेही यजमानाचे कर्तव्य आहे. भारतीय नागरिकास व्हिसाचा प्रश्न येत नाही, परंतु त्याचीही ओळखपत्रे पाहून नोंद ठेवणे हिताचे असते.

आधी ठरवावयाच्या गोष्टी

पुढील बाबी पाहुणा येण्यापूर्वीच पत्राने स्पष्ट कराव्यात :

(१) रोजचे कामाचे तास, कामाची वेळ आणि आठवड्याची सुट्टी.

(२) कामाचे नेमके स्वरूप. ‘पडेल ते काम’ असे मोघम लिहू नये.

(३) निजण्याची जागा, स्नानगृह व शौचालय यांची व्यवस्था. स्त्री पाहुण्यासाठी आतून बंद होणारी स्वतंत्र खोली असावी.

(४) जेवणाचा प्रकार व वेळा. मद्यपान, धूम्रपान इत्यादींबाबत घरचे नियम.

(५) मुक्कामाची मुदत, आणि न पटल्यास कोणत्याही पक्षाने किती दिवस आधी सांगावे, हे.

(६) आजारपण किंवा अपघात झाल्यास खर्च कोणी करावयाचा, तसेच जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, ही माहिती.

धोक्याची कामे पाहुण्यास कदापि सांगू नयेत. माडावर चढणे हे पाडेल्याचे कसब आहे. पोफळीवर औषध फवारणे, विजेचा पंप उघडणे, यंत्रावर गवत कापणे ही कामे सवयीच्या माणसानेच करावीत. पाहुण्यास रोपवाटिका, आळी करणे, आच्छादन घालणे, काजूबोंडे वेचणे, सुपारी वाळत घालणे अशी कामे देता येतात आणि त्यांतून तो शिकतोही.

प्रवाशानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. परतीच्या भाड्याइतके पैसे नेहमी स्वतःजवळ ठेवावेत, म्हणजे मन न रमल्यास अडकून पडावे लागत नाही. आपला पत्ता घरी कळवावा. पूर्वी तेथे राहून गेलेल्यांकडे चौकशी करावी. कबूल केलेले काम वेळेवर करावे. कारण त्याच्या भरवशावर यजमानाने आपली कामे आखलेली असतात.

शाळा व पंचायतींचे साहाय्य

शिक्षकांनी महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही माहिती सांगावी. अनेक तरुणांना सुट्टीत प्रवासाची इच्छा असते, परंतु ऐपत नसते. त्यांना हा मार्ग खुला आहे, मात्र त्यातील खाचखळगे त्यांना ठाऊक असावेत. आपल्या गावात कोणते यजमान असे पाहुणे ठेवतात, याची पंचायतीस कल्पना असल्यास अडचणीच्या वेळी मदत वेळेवर पोहोचू शकते.

इर्जिकीला लेखी कराराची गरज नव्हती, कारण आज राबणारा शेजारी उद्या आपल्याही बांधावर येणार, हे यजमानास ठाऊक असे. अनोळखी प्रवासी पुन्हा येणार नसतो. म्हणूनच त्याच्या घामाचे मोल आधी ठरविले पाहिजे आणि ठरविल्याप्रमाणे ते पदरात घातले पाहिजे.