गेमिंग पीसीत दडलेले रामानुजन

प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला की तो टिकतो का हे बघायला बरेच गेमर 'वाय-क्रंचर' चालवतात. हे सॉफ्टवेअर पायचे अंक काढतं, मुख्यतः चुडनोव्स्की बंधूंच्या सूत्राने. आणि त्या सूत्राचं मूळ आहे कुंभकोणममध्ये वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्या कामात!

१९१४ साली छापलेल्या त्यांच्या एका सूत्राचं प्रत्येक पद पायचे सुमारे ८ अंक देतं. १९८५ मध्ये बिल गॉस्पर यांनी ते संगणकावर चालवून १.७ कोटींहून जास्त अंक काढले. चुडनोव्स्कींचं सूत्र पदामागे १४ देतं. २०२२ मध्ये गूगलच्या एम्मा हारुका इवाओ यांनी वाय-क्रंचरवरच १०० लाख कोटी अंक गाठले. नव्या ग्राफिक्स कार्डांच्या बातम्यांपेक्षा मला हे कितीतरी थरारक वाटतं.

वाय-क्रंचर मोफत आहे. आपल्या पीसीवर एक कोटी अंक काढून बघा आणि लागलेला वेळ इथे नक्की लिहा.